अस्तर पांढरंच लाव

गोधडी म्हणजे चिंध्या, असं लोक म्हणतात. बरोबरच म्हणतात. चिंध्यांवर माझा संसार चालला, मला त्याची लाज नाही. फक्त एक सांगते. चिंध्या जोडायला कोणीही जोडेल. कुठल्या चिंधीच्या शेजारी कुठली बसवायची, हे मात्र फार थोड्या बायकांना कळतं, आणि त्या थोड्यांत माझा नंबर लागला नाही. टाका माझा चांगला. रंगाला मी भित्री.

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा आमचे हे घरी बसले. भांडुपला डोंगराच्या अंगाला आमची चाळ. मालवणला आईला गोधड्या शिवताना बघितलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी सुई हातात घेतली. साकीनाक्याला तयार कपड्यांचे लहान लहान कारखाने होते, तिथून हे चिंध्यांचं गाठोडं खांद्यावर घालून आणायचे. गिरणीत हजारो वार कापड ज्यांच्या हाताखालून गेलं, त्यांना चिंध्या वाहायला लागल्या. ते गाठोडं दारात टाकायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. जुहूच्या एका बाईंनी गोधडी भिंतीवर टांगायला मागितली. मी म्हटलं, भिंतीला थंडी वाजते काय तुमच्या? त्या हसल्या, पण मी खरंच विचारत होते. बोरिवलीच्या एकींना सोफ्याला मॅचिंग गोधडी पाहिजे होती, सगळी बिस्किटाच्या रंगाची. बिस्किटाच्या रंगाच्या चिंध्या निवडून निवडून माझ्या डोळ्यांची वाट लागली. आणि घाटकोपरचे एक गृहस्थ होते. बायको गेली म्हणून तिच्या साड्या घेऊन आले, यांची गोधडी करा म्हणाले. मी केली. ते न्यायला आलेच नाहीत. बाजारात दिसले की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मी समजायचं ते समजले आणि त्यांना कधी हटकलं नाही. शेवटी त्यांची बहीण येऊन घेऊन गेली.

आता कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोधडीला तीन थर असतात. वर दिसतो तो तुकड्यांचा थर, मध्ये जुनी लुगडी नाहीतर धोतरं, आणि खाली अस्तर. शिवायला कडेने सुरुवात करायची आणि गोल गोल आत जायचं, म्हणजे कापड सरळ राहतं. जुनी गोधडी दुरुस्तीला आली तर नवा कडक दोरा वापरायचा नाही, तो जुन्या कापडाला करवतीसारखा कापतो. आणि कुजलेला तुकडा काढला की तो टाकायचा नाही. पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा, म्हणजे बाईने आपलं चांगलं कापड ठेवून घेतलं असं कोणाच्या मनात यायला नको. माझ्या आईची ती पद्धत. बहुतेक लोक ती पुडी माझ्यासमोरच कचऱ्यात टाकायचे.

नीलाताई मुलुंडहून आल्या त्या दिवशी मी बिस्किटवाली उसवत बसले होते. त्या शाळेत शिकवायच्या. वय पन्नाशीकडे झुकलेलं, बोलणं मोजकं. त्यांनी पिशवीतून गोधडी काढून माझ्या चटईवर पसरली, आणि मी हातातली सुई खाली ठेवली.

आठ पाकळ्यांची चांदणी होती. अख्ख्या गोधडीभर एकच, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मधोमध काळा. चंद्रकळेचा काळा, गडद, रात्रीसारखा. मधोमध काळा कोणी घालतं का? आमच्याकडे काळा घातलाच तर कोपऱ्यात, तीट लावल्यासारखा. इथे तो ठाण मांडून बसला होता. त्याच्या भोवती राणी रंगाचा खण. त्या राणीला चिकटून नारिंगी. ही दोन एकमेकांशेजारी ठेवायची म्हणजे दोन भांडकुदळ जावा एका चुलीवर बसवायच्या. मग पोपटी पाकळ्या, पाकळ्यांची टोकं हळदीसारखी पिवळी. आणि या सगळ्याच्या मागे डाळिंबी. एकही रंग दुसऱ्याला वाट देत नव्हता, आणि तरी बघवत होतं. बघतच राहावंसं वाटत होतं. आपण असं करू धजलो नसतो हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि खोटं कशाला सांगू, पोटात दुखलं.

चांदणीचे तुकडे तिरके कापावे लागतात. तिरकं कापड ओढलं की ताणतं, म्हणून चांदणी मधे फुगते, टोपीसारखी उभी राहते. माझी प्रत्येक वेळी फुगली. ही मात्र चटईवर पाण्यासारखी सपाट पडली होती.

"कोणी केली?" मी विचारलं.

"आईने. मी लहान होते तेव्हा." त्यांनी गोधडीची कड सरळ केली. "सावंतबाई, स्पष्टच सांगते. आई आता फार दिवसांची नाही. डॉक्टर म्हणाले, जे मागेल ते खायला द्या. ती हीच अंगावर घेऊन झोपते. ती गेली तर अंथरूण-पांघरूण सगळं तिच्याबरोबर स्मशानात जाईल. आमच्याकडे ठेवत नाहीत."

"आमच्याकडेही नाही ठेवत."

"म्हणून आत्ताच काढून आणलीय. दुरुस्तीला देते सांगितलं. अस्तर पार विरलंय, ते बदला. चांगलं मळखाऊ लावा, कॉफी नाहीतर चॉकलेटी. आणि काम सावकाश करा. मला घाई नाही."

मला कळलं त्यांना काय म्हणायचंय. बाई वाईट नव्हत्या. आईची एक वस्तू राहावी असं कोणाला वाटत नाही? पण त्या गेल्यावर मला चहा गोड लागेना. मरणाऱ्या माणसाचं पांघरूण माझ्या चटईवर आणि मला सांगितलंय, सावकाश.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुका काय करूचा आसा? गिरायकान सांगल्यान तसा कर आणि गप ऱ्हव."

मी गप्प राहून उसवायला घेतली. पाकळ्यांची दोन-तीन टोकं कुजली होती, पिवळ्याची आणि त्यालगतच्या पोपटीची. ती काढून पुडीत बांधली. आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. गोधडीची वरची बाजू आधी विटते. ऊन तिच्यावर, हात तिच्यावर, धूळ तिच्यावर. अस्तर आत अंगाला लागलेलं असतं, ते बरं राहतं. इथे उलटं होतं. बाकीचे रंग काल दुकानातून आणल्यासारखे, आणि अस्तर, म्हणजे एक जुनं पांढरं धोतर, उन्हाने पिवळं पडून जाळी झालेलं. त्यावर ठिगळं, ठिगळांवर ठिगळं, सगळी पांढरीच. ही गोधडी कायम पालथी वापरली होती. इतकी देखणी चांदणी करायची आणि ती आत दडवून पांढरं वर घ्यायचं, हे कुठलं खूळ?

असं काही डोक्यात शिरलं की मला राहवत नाही. अस्तराच्या कापडाचं विचारायचं निमित्त केलं आणि मुलुंडला गेले. नीलाताई शाळेत होत्या. शेजारच्या बाईंनी दार उघडलं आणि मला आजींपाशी बसवून त्या आपल्या स्वयंपाकाला गेल्या.

आजी म्हणजे नुसती हाडं राहिली होती. अंगावर बारीक काठाचं पांढरं पातळ, त्यावर चौकड्यांचं ब्लँकेट, आणि ते ब्लँकेट पायाने खाली ढकललेलं. मी गोधडीवाली म्हटल्यावर डोळे उघडले.

"झाली?"

"नाही आजी. अस्तराचं विचारायला आले. नीलाताई कॉफी रंग म्हणाल्या."

"पांढरंच लाव."

"मळेल हो."

"आता किती मळणार आहे गं? पांढरंच लाव."

मी म्हटलं, "आजी, एक विचारू? ही पालथी का पांघरत होतात?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग हसल्या. दात नव्हते, पण हसू चांगलं होतं.

"तुला कळलं होय? नीलीला नाही कळलं अजून." त्या हळूहळू बोलल्या, मधे मधे दम घेत. सातारच्या बाजूचं सासर. नीला पाळण्यात होती तेव्हा नवरा तापाने गेला. तेराव्यानंतर सासूने त्यांच्या पेटीतली रंगीत लुगडी बाहेर काढली, जावांना वाटून टाकते म्हणाली. आजींनी सांगितलं, वाटू नका, पोरीला गोधडी शिवते. पोरीचं नाव काढल्यावर सासूने लुगडी राहू दिली.

"चंद्रकळा संक्रांतीची. ती मधे घातली, मला फार आवडायची ती. खण चोळ्यांचे. पिवळी ती माझी लग्नातली अष्टपुत्री. आठ पोरं व्हावी म्हणून देतात ना मामाकडून, म्हणून म्हटलं आठ पाकळ्या करू. पोरं नाही तर पाकळ्या तरी." हे बोलताना त्यांचा आवाज हलला नाही. "अस्तर यांच्या धोतराचं. आणि मग पोरीला कसली देते गं, मीच घेतली. अंगावर घालायला बंदी होती, रात्री काय पांघरलंय ते कोण बघतंय? पण सासू बघायची. येता-जाता कंदील वर करायची. म्हणून पांढरं वर, रंग आत. ती मेली तरी सवय सुटली नाही बघ. सकाळी वाळत घालायची तीही पालथीच."

मी त्यांच्या पायावर ब्लँकेट सारलं, त्यांनी ते परत ढकललं.

"हे टोचतं. तू लवकर कर. सवाष्ण बाई हिरवी साडी नेसून, ओटी भरून जाते. मला पांढऱ्यात गुंडाळतील. वरून गुंडाळू दे, माणसांना तेवढंच दिसलं की पुरतं. पण आत मला माझं पाहिजे. कळलं?"

मला कळलं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि करते म्हणाले.

नीलाताईंची वाट बघत मी खाली जिन्यात थांबले. त्या आल्यावर सगळं सांगितलं, जसंच्या तसं. हा चोंबडेपणा झाला म्हणा, पण मला लपवाछपवी जमत नाही. त्या भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. वह्यांची पिशवी खांद्यावर तशीच होती.

"मला हे कधीच बोलली नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं नसेल."

"नाही विचारलं." मग एकदम चिडून म्हणाल्या, "आणि मला काय राहणार, सावंतबाई? तिच्याकडे दुसरं आहे काय? दोन पांढरी पातळं आणि एक जपाची माळ. मी तिला आयुष्यात एकदाही रंगीत लुगड्यात बघितलेली नाही. फोटोसुद्धा नाही. आता तुम्ही सांगताय की तिचे सगळे रंग त्या गोधडीत आहेत, आणि तीच मी जाळायला देऊ?"

दोघींचंही खरं होतं. एकीचं जाण्यापुरतं, एकीचं राहण्यापुरतं. मी एवढंच म्हटलं की मी काम लवकर संपवणार, सावकाश मला जमणार नाही. पुढचं तुम्ही बघा.

घरी येऊन मी झपाट्याने बसले. यांचं एक जुनं धोतर होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, ते अस्तराला घेतलं. हे म्हणाले, अगो, माझा धोतर? मी म्हटलं, चांगल्या कामाला जातंय. आजींच्या नवऱ्याच्या धोतराचा जेवढा भाग धड होता तो मधल्या थरात घातला, फेकवेना. पाकळ्यांच्या टोकांना पिवळं शोधताना मात्र माझी परीक्षा झाली. साकीनाक्याच्या सगळ्या चिंध्या धुंडाळल्या, हवं तसं पिवळं सापडेना. शेवटी माझ्याच लग्नातल्या साडीच्या पदराचा कोपरा कापला. तेवढी एकदाच मी रंगाला भ्यायले नाही.

गोधडी झाली तसा नीलाताईंना निरोप दिला. उलट निरोप आला, आठवडाभर राहू दे तुमच्याकडेच. मी ती घडी करून पेटीवर ठेवली आणि रोज तिच्याकडे बघत राहिले. मनात यायचं, उठावं आणि सरळ नेऊन त्या म्हातारीच्या अंगावर घालावी. पण गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय द्यायची नाही, हाही धंद्याचाच नियम. यांनी दोनदा बजावलं होतं, "भानगडीत पडू नको." मी पडले नाही. मुकाट्याने बिस्किटवाली पुरी केली.

मग एका सकाळी खालच्या वाण्याच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. वाण्याने हाक मारली तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"आई गेली," नीलाताई म्हणाल्या. "काल संध्याकाळपासून हाताने नुसतं चाचपत होती. ब्लँकेट घातलं की ढकलायची. मी म्हटलं, उद्या आणते गं आई, उद्या नक्की आणते." मागे कोणीतरी बांबूंचं विचारत होतं. "घेऊन या ती. लवकर या."

मी मुलुंडला पोचले तेव्हा कंपाउंडमध्ये बांबू बांधून झाले होते. आजींना खाली आणून ठेवलं होतं. नीलाताईंचे काका, आजींचे धाकटे दीर, दोन दिवसांपूर्वीच गावाकडून आलेले, कामं सांगत उभे होते. पुतण्या मडकं घेऊन तयार होता. मी पिशवीतून गोधडी बाहेर काढली, घडीतून नुसता पोपटी आणि राणीचा एक कोपरा दिसला, आणि काका पुढे आले.

"हे काय आणलंय?"

"त्यांचं पांघरूण," मी म्हटलं.

"मग मागून जाऊ दे अंथरुणाबरोबर. अंगावर नाही घालायचं. असले भडक रंग वहिनींच्या अंगावर? पन्नास वर्षं पांढऱ्यात काढली त्यांनी, आता शेवटी शोभा करायची का?"

चार माणसं वळून बघायला लागली. मी नीलाताईंकडे बघितलं. खरं सांगते, मला वाटलं त्या गोधडी घेतील आणि वर घरात घेऊन जातील. काकांनी त्यांचं कामच सोपं केलं होतं. कोणी काही म्हटलं नसतं, गोधडी वाचली असती, आणि त्यांच्याकडे आई राहिली असती.

त्या आल्या. गोधडी माझ्या हातातून घेतली, घडी उलगडली आणि एका झटक्यात उलटी केली. चांदणी खाली, पांढरं वर. दुसरी बाजू मी धरली. आम्ही दोघींनी ती आजींवर घातली आणि कडा अंगाखाली खोचल्या, सगळीकडून, कुठे रंगाचा धागा दिसू नये अशा. मला माहीत होतं काळा बरोबर छातीवर आला असणार.

काका वाकून बघत राहिले. "हां," म्हणाले, "पांढरं आहे ना वरून, मग ठीक." आणि त्यांनी कापड पसरायला सांगितलं.

दोऱ्या बांधल्या. उचललं. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून आम्ही फाटकाशी उभ्या राहिलो. वळणावर सगळे दिसेनासे झाले तरी नीलाताई तिथेच होत्या. त्या रडल्या नाहीत. तोंड मात्र असं झालं होतं की मला बघवेना.

मी निघायला म्हणून पिशवी झटकली आणि तळाशी पुडी लागली. मी विसरूनच गेले होते. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला, म्हणून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी वर्तमानपत्राचा कागद उलगडला. आत अष्टपुत्रीची कुजलेली टोकं, आणि पोपटीचा एक तुकडा, बोटाएवढा. हात लावला तर भुगा होईल असं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

त्यांनी कागद परत होता तसा घडीवर घडी करून मिटला, तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला, आणि जिना चढून वर गेल्या.